आईकडून आलेलं

कावेरीबाईला ऐकू येईनासं झालं ते सोमेशच्या जन्मानंतर. आधी दाराची कडी ऐकू येईना, मग कुकरची शिट्टी. पोरगं शाळेत जायला लागेपर्यंत तिच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, हे घरात सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. तिला त्याचं फारसं नवलही वाटलं नाही. तिची आई धोंडाबाई चाळिशीच्या आत ठार बहिरी झाली होती. माहेरी जळकोटात त्यांच्या घराला बहिऱ्यांचं घरच म्हणत. नवऱ्यानं, वैजनाथनं, कानाचं यंत्र आणून दिलं, पण त्यात माणसाच्या बोलण्यापेक्षा पंख्याची घरघरच जास्त. ते डबीत पडून राहिलं. समोरच्याचे ओठ बघत बघत तिला बोलणं उमगायला लागलं. हे तिनं कुणाला सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही.

वैजनाथ नांदेडला रेल्वेच्या सिग्नल खात्यात होता. मोठी मुलगी तनुजा बी.एस्सी. करून एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत लागली होती. सोमेश धाकटा. पोरगं हुशार, पण अंगानं किडकिडीत. वर्गातली पोरं ताडासारखी वाढली, हा तेवढाच राहिला. दहावीत असताना एके दिवशी वर्गात त्याला फळ्याची उजवी बाजूच दिसेना. मग उलटी झाली आणि तो बाकावरून खाली पडला. मास्तरांनी फिट म्हणून कांदा हुंगवला.

त्यानंतर असे झटके येत राहिले, आणि प्रत्येक झटका पोराचं काही ना काही घेऊन गेला. आधी वाचताना अक्षरं जुळेनात. मग डाव्या हातात पेला धरवेना. मग त्यालाही कमी ऐकू यायला लागलं. नांदेडच्या डॉक्टरांनी गोळ्या बदलून पाहिल्या. कावेरीबाईनं खंडोबाला नवस बोलून पाहिला. शेवटी एका डॉक्टरनं हैदराबादचा पत्ता दिला. तिथं पुनम नावाच्या डॉक्टरीणबाई घराण्यात चालत येणाऱ्या असल्याच आजारांवर संशोधन करत होत्या. त्यांनी सोमेशला तपासलं, पण प्रश्न विचारले ते सगळे कावेरीबाईला. साखर कधीपासून आहे, कान कधी गेले, आईचे कान कसे होते, आईला भाऊ किती. शेवटी चौघांचंही रक्त आणि लघवी घेतली.

निकाल आणायला वैजनाथ आणि तनुजा गेले. कावेरीबाई सोमेशपाशी थांबली. दोघं परतले. तिनं विचारलं, "काय म्हणल्या डॉक्टरीणबाई?"

"औषध लिहून दिलंय," वैजनाथ नेहमीसारखा ओरडला. "ताकदीचं."

जेवताना मात्र तो तनुजाशी हळू बोलू लागला. तिच्यासमोर बसून, मान न वळवता. बारा वर्षं जिच्याशी ओरडून बोलले, तिच्यापुढं हळू बोललं की झालं, असं त्याला वाटलं असणार. कावेरीबाई भाकरी थापत होती. तव्यावरून नजर उचलली तेव्हा तिला त्याचे ओठ दिसले. "तुझ्या आईला सांगू नको. तिच्याकडून आलंय म्हणल्यावर ती जगायची न्हाई."

तिनं भाकरी उलटली. ती करपेपर्यंत तिच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी वैजनाथ ड्युटीवर गेल्यावर तिनं तनुजाला समोर बसवलं. "माझ्याकडून काय आलंय?"

तनुजाचा चेहरा उतरला. "कुणी सांगितलं?"

"तुझ्या बापानं सांगितलं. काल, जेवताना. मला दिसतंय तनू, सगळं दिसतंय. आता तू नीट सांग."

तनुजानं सांगितलं. माणसाच्या अंगातल्या प्रत्येक पेशीत शक्ती तयार करणारे बारीक कण असतात. बाकी सगळं आईबापांकडून अर्धंअर्धं येतं, पण हे कण येतात ते फक्त आईकडून. आईच्या कणांत खोट असली तर ती तिच्या सगळ्या लेकरांत उतरते. कुणात थोडी, कुणात लई. थोडी असली तर कान जातात, साखर येते. लई असली तर मेंदूला शक्ती पुरत नाही.

"म्हणजे माझ्या आईलाबी हेच होतं."

"हाव."

"आणि रामलिंगला."

रामलिंग म्हणजे तिचा भाऊ. विशीत असताना त्याला झटके यायचे. अंगात येतं म्हणून त्याला गाणगापूरला नेऊन बांधून ठेवलं होतं. परत आणला आणि तो विहिरीत गेला. पाय घसरला की झटका आला, हे कुणाला कळलं नाही. कावेरीबाईनं विचारलं, "तुझ्यात हाय का?"

तनुजानं खाली बघितलं.

"मान वर कर. खाली बघून बोललीस तर मला कळत न्हाई."

"हाय," तनुजा म्हणाली. "पण कमी हाय."

वैजनाथ वाईट माणूस नव्हता. बायकोला कळलं हे समजल्यावर तो म्हणाला, "तुझा काय दोष त्यात? तू काय मागून घेतलंस का?" आणि ते त्यानं मनापासून म्हटलं. पण एकदा सोमेशला पाठोपाठ तीन झटके आले, पोरगं अंथरुणात घाण करून बसलं, तेव्हा चादर ओढता ओढता तो पुटपुटला, "आमच्या घराण्यात असलं कवाच नव्हतं." ती शेजारीच उभी होती. तिनं वाचलं. चादर त्याच्या हातातून घेतली आणि धुवायला गेली.

सोमेशपासून मात्र तिला काही लपवावं लागलं नाही. दोघं बहिरे समोरासमोर बसत, अर्धं ओठांनी आणि अर्धं हातांनी बोलत. एके दिवशी दुपारी तो नेहमीपेक्षा हुशारीत होता.

"आई, हे तुझ्याकडून आलंय म्हणं."

"हाव."

"मग माझं गणितबी तुझ्याकडूनच आलं असंल. बाबाला तर पाढे येत न्हाईत."

ती हसली. मग तिला हसू आवरेना, आणि त्याचं रडणं कधी झालं ते कळलं नाही. सोमेश तिच्याकडं बघत राहिला. उजव्या हातानं त्यानं तिच्या पदराचं टोक धरलं आणि तिला पुसायला दिलं.

पावसाळा सरता सरता त्याला ताप आला. साधाच ताप, गल्लीतल्या पोरांना आलेला. बाकीची पोरं उठून खेळायला लागली. सोमेशचं अन्न तुटलं, झटके थांबेनात, आणि दवाखान्यात नेल्यावर तो शुद्धीवर आला नाही. पुनम डॉक्टर फोनवरून इथल्या डॉक्टरांना सांगत राहिल्या, हे द्या, हे देऊ नका. त्यांच्या हातात तेवढंच होतं. गोवर्धन घाटावर वैजनाथनं अग्नी दिला. आरतीची घंटा वाजत असेल, माणसं रडत असतील. कावेरीबाईला त्यातलं काही ऐकू आलं नाही. तिला फक्त तोंडं उघडताना दिसली.

जळकोटहून धाकटी बहीण राजकन्या आली, तेरावा होईपर्यंत राहिली. तिची मुलगी शिवांगी आली नाही. ती पोटुशी होती, पहिलटकरीण. राजकन्या बोलताना मान तिरकी करून उजवा कान पुढं करत होती. कावेरीबाई ते बघत होती. राजकन्येला स्वतःला ते अजून माहीत नव्हतं.

पुढं काही दिवसांनी पुनम डॉक्टरांचा तनुजाला फोन आला. आईच्या बहिणीला, तिच्या मुलीला तपासणीचं विचाराल का? संशोधनाला उपयोग होईल हे खरं, पण त्यांनाही कळलेलं बरं. या आजाराला औषध नाही, तरी काही गोळ्या अशा लोकांना चालत नाहीत. उपाशी राहणं बाधतं. तापात शिरेतून साखर द्यावी लागते. बाळंतपणात लक्ष ठेवावं लागतं.

वैजनाथनं ऐकून घेतलं. "कुणाला काही सांगायचं न्हाई," तो म्हणाला. "नायगावची माणसं पुढल्या महिन्यात तनूला बघायला येऊन राहिली. जळकोटात आज बोललं की उद्या नायगावात पोचतं. एक लेकरू गेलं. हिचंबी वाटोळं करायचं का?"

कावेरीबाई तनुजाकडं वळली. "तू काय म्हणतीस?"

"तू जळकोटला गेलीस तर माझं लग्न व्हायचं न्हाई," तनुजा म्हणाली. "आणि न्हाई गेलीस तरी लपवून मी करणार न्हाई. मग तुझं तू ठरव. मला विचारू नको, आई. मी जा म्हणणार न्हाई."

ती गेली. कंधारवरून जाणारी गाडी धरली, जांबला उतरून जळकोटची धरली. शिवांगी बाळंतपणाला माहेरी आलेली होती. ओसरीवर पाय पसरून शेंगा निवडत बसली होती. मावशीला बघून उठायला लागली.

"उठू नको," कावेरीबाई म्हणाली. "चेहरा असा का उतरलाय?"

"सोमवार हाय मावशी. उपास."

"उपास सोड. आत्ता सोड."

राजकन्या आतून आली. कावेरीबाईनं तिला आत नेलं नाही, शिवांगीला बाहेर ठेवलं नाही. दोघींसमोर जे होतं ते सांगितलं. आईचं, रामलिंगचं, सोमेशचं, आणि तनुजाचंही. राजकन्येचा चेहरा आधी कोरा होता, मग तो दगडासारखा झाला.

"आक्का," ती म्हणाली, "तुझं लेकरू गेलं. माझंबी काळीज तुटलं. पण म्हणून माझ्या लेकीच्या भरल्या पोटावर बसून असलं बोलायला आलीस?"

"तुझा डावा कान गेलाय, राजे."

"माझ्या कानाला काही झालं न्हाई. हिच्या सासरच्यांच्या कानावर गेलं तर हिला नेतील का ते? बोल. नेतील का?"

"मला ठाऊक न्हाई."

"मग कशाला आलीस?"

येताना गाडीत तिनं पुष्कळ बोलणं जुळवलं होतं. शिवांगी शेंगांचं सूप बाजूला सारून भिंतीला धरून उठली. आत गेली, पाण्याचा तांब्या आणून मावशीपुढं ठेवला.

"माझ्या लेकराला होईल का, मावशी?"

"ते डॉक्टरीणबाईलाबी आत्ता सांगता येत न्हाई. सोमेशसारखं होईल, न्हाईतर तनूसारखं होईल. न्हाईतर मला झालंय तेवढंच."

राजकन्येनं तांब्या उचलला आणि आत नेऊन ठेवला. कावेरीबाई समजली. पाणी न पिता ती स्टँडवर आली.

जे व्हायचं ते झालं. नायगावची माणसं आलीच नाहीत. तब्येतीचं काहीतरी ऐकलं, एवढाच निरोप मध्यस्थाकडून आला. वैजनाथ महिनाभर कावेरीबाईशी बोलला नाही. तनुजा रोज कामाला जात राहिली. आईला ती काही म्हणाली नाही, आणि जवळही फारशी बसेना. राजकन्येनं दिवाळीला बहिणीला बोलावलं नाही. शिवांगीला मुलगा झाला. साखर अचानक चढली होती म्हणून तिला लातूरला हलवावं लागलं. तिथल्या डॉक्टरांना तिनं आपणहून सगळं सांगितलं, आईला न विचारता. तनुजाचा नंबर दिला. बाळंतपण निभावलं.

मूल बसायला लागायच्या वेळेला बसेना, तेव्हा शिवांगी आणि तिचा नवरा अमरेश हैदराबादला जाऊन आले. सासूला देवदर्शन म्हणून सांगितलं. पुनम डॉक्टरांनी दोघांचीही तपासणी केली, मायलेकरांची. शिवांगीत खोटीचं प्रमाण कमी निघालं. लेकरात ते सोमेशपेक्षाही जास्त होतं.

हे शिवांगीनं स्वतःच कळवलं. फोनच्या पडद्यावर तिचा चेहरा दिसला, मांडीवर मूल. डोळे मोठे, मान एका बाजूला कललेली. शिवांगी रडली नव्हती, किंवा रडून मोकळी झाली होती. मावशीला कळावं म्हणून ती एक एक शब्द सावकाश बोलत होती.

"मावशी, सोमेशला आधी काय झालं होतं? अगदी पहिल्यांदा. मला सगळं सांग. मला बघायचं हाय याच्याकडं नीट."

कावेरीबाईनं फोन भिंतीला टेकवून उभा केला. पदरानं तोंड पुसलं.

"आधी तो दमायचा," ती म्हणाली. "मला वाटायचं, आळस करून राहिला. घास अर्धा चावायचा आणि तसाच थांबायचा. जेवताना बघ त्याला. घास गालात ठेवतो का बघ."

शिवांगीनं लेकराचा गाल हळूच बोटानं दाबून बघितला आणि म्हणाली, "हाव, ठेवतो. मग? पुढं?"

कावेरीबाई पुढं सांगू लागली.