ऑगस्टातली जाळी

न्हाणीघरातली साबणाची वडी नऊ दिवसांत झिजून नखाएवढी झाली होती. एरवी ती दोघांना सव्वा महिना पुरायची. विदा शहरातल्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. कोणती वस्तू किती दिवसांत संपते हे तिच्या आपोआप लक्षात राहायचं. साबण कोण संपवतंय हे तिला ठाऊक होतं, आणि का संपवतंय तेही. म्हणूनच तिनं काही न बोलता नवी वडी काढून ठेवली.

तिचे वडील चिरिल एक्याऐंशी वर्षांचे. ते दिवसातून तीनदा अंग धूत होते. ती उठायच्या आत त्यांची चादर बागेतल्या दोरीवर वाळत पडलेली असायची. त्यांच्या खोलीत वास येत होता, आणि तो आपल्याच अंगाला येतो, म्हातारपणानं आता इथंही दगा दिला, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. विदाला त्यांनी विचारलं नव्हतं. असलं काही बाप लेकीला कसं विचारणार?

वास छपरातून येत होता.

चिरिल म्हणजे स्नेझ्निक डोंगराच्या पायथ्याचे सगळ्यात जुने पोल्हकरी. पोल्ह दिसायला खारीसारखा, राखाडी, झुपकेदार शेपटीचा. दिवसा ढोलीत झोपायचं आणि अंधार पडला की झाडांवर चरायचं. शरदात सगळं गाव लाकडी सापळे घेऊन त्याच्या मागावर रानात जायचं. हंगामाची पहिली शेकोटी चिरिलनी पेटवायची आणि पहिला सापळाही त्यांनीच लावायचा, हा रिवाज. त्यांचा एक नियम विदा लहानपणापासून ऐकत आली होती: ऑगस्टात पिल्लं असतात, तेव्हा ढोलीच्या तोंडाला हात लावायचा नाही. जो लावतो तो पोल्हकरी नव्हे.

यंदा त्यांच्याच छपरात पोल्ह शिरला. वर धावपळ चालायची, अक्रोड गडगडत जायचे. चिरिलना बारीक आवाज ऐकू येणं केव्हाच बंद झालं होतं. पण गावाला सुगावा लागता तर ‘पोल्हकऱ्याच्या डोक्यावर पोल्ह नाचतो’ म्हणून लोक वर्षभर खिदळले असते. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी विदानं गुपचूप शिडी लावली, कौलांखालच्या भोकातून एक पोल्ह बाहेर पडताना पाहिला आणि लगेच भोकावर तारेची जाळी ठोकली. आत होता तो बाहेर गेला. तिच्या लेखी प्रश्न सुटला.

दुसऱ्या दिवशी वरून चिवचिव ऐकू आली. जाळीची एक कड बाहेरून ओढून वाकवलेली दिसत होती. काय झालं ते तिला तत्क्षणी कळलं. घरटं कौलं आणि तक्तपोशीच्या मधल्या सांदीत होतं, आतून हात पोचत नव्हता. शिडी बाहेरूनच लावावी लागणार होती. आणि अंगणात शेजारचा लोव्रो शेकोटीची बाकं रंगवत बसला होता. त्याच्या देखत कसं चढायचं? उद्या बघू, असं तिनं ठरवलं. दुसऱ्या दिवशी तो बाकांना दुसरा हात द्यायला आला. तिसऱ्या दिवशी चिवचिव थांबली.

शेकोटीला आठवडा उरला तेव्हा लोव्रो दुपारी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

“काय चिरिलकाका, काड्यापेटी शोधून ठेवलीत ना?”

चिरिल उघड्या खिडकीशी, विदा बसली होती त्या टेबलापासून लांब खुर्ची ओढून बसले होते. केस अजून ओले होते. “यंदा तूच पेटव.”

“मी? मला फुंकर मारताना बघून पोल्ह हसून हसून झाडावरून पडतील. सापळ्यांचं काम वाचेल म्हणा.”

“गुडघा दुखतोय माझा.”

“काडी काय गुडघ्यानं ओढायची असते? ट्रॅक्टरवर बसवून नेतो तुम्हाला. माझ्या शेजारी बसा निवांत.”

“शेजारी नको कुणाच्या.”

“का हो, माझ्या अंगाला वास येतो?”

कोणीच हसलं नाही. लोव्रोनं एकदा चिरिलकडे आणि एकदा विदाकडे पाहिलं.

चिरिलनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर सरकवला. वृद्धाश्रमाचा अर्ज होता. “खाली सही कर, पोरी. लोव्रो जाता जाता टपालात टाकेल.”

सगळे रकाने त्यांनी स्वतःच्या तिरक्या अक्षरात भरले होते. ‘कारण’ या शब्दापुढे लिहिलं होतं: स्वच्छता राखता येत नाही. मुलीला त्रास होतो.

विदानं पेन उचललं. सही करायची जागा रिकामी होती, फक्त तेवढीच. लोव्रोला कळलं म्हणजे संध्याकाळपर्यंत गावाला कळणार, हे तिला माहीत होतं. तिनं पेनाचं टोपण लावलं. हळू बोलून चालणार नव्हतं, बाबांना ऐकू गेलं नसतं. म्हणून ती मोठ्यानं म्हणाली,

“बाबा, तो वास तुमचा नाही. ऑगस्टात छपराचं भोक मी बुजवलं. आत पिल्लं होती. मला ती ऐकू येत होती.”