दुभाषी घरचाच हवा

नळ बंद असला तरी दवाखान्यातल्या सिस्टरच्या खोलीतलं बेसिन बोलायचं. माझ्या गोष्टींत पदरचं थोडं असतं, ते मी नाकारत नाही. पण त्या दिवशी माझ्या हातातला पाना गळून पडला, हे शपथेवर सांगतो. प्लंबर म्हणून मलाच बोलावलं होतं. बेसिनखाली आडवा झालो, वाकडा पाइप खोलला, आणि गाळाऐवजी बादलीत एक वाक्य पडलं. तेही आपल्याच भाषेत. "सून बाहेरून कडी लावून जाते हो." म्हातारीचा आवाज होता, ओला आणि दमलेला.

मी घाबराघुबरा बाहेर आलो. सिस्टर पट्ट्या गुंडाळत होती. तिने मान वर न करता सांगितलं, की ही वाक्यं फार दिवसांपासून इथंच आहेत. कपाटामागेही आहेत, पडद्याच्या घड्यांतही आहेत.

तो दवाखाना आमच्यासारख्या दुसऱ्या मुलखातून आलेल्यांचा. मुलं आधी येऊन नोकरीला लागायची, मग आईबापांना बोलावून घ्यायची. म्हाताऱ्यांना इथली भाषा यायची नाही. म्हणून आरोग्य खात्याचा नियम होता: दुभाषी घरचाच हवा, आणि तो सांगेल तेवढंच सिस्टरने लिहायचं. सिस्टर आपल्याकडचीच, तिला सगळं कळायचं; पण कामावर स्वतःची भाषा बोलायला बंदी. तोंड उघडलं तर नोकरी जाईल आणि मग हे ऐकणारंही कुणी उरणार नाही, या धाकाने ती गप्प. म्हातारी कडीचं सांगायची, मुलगा म्हणायचा, आईचा गुडघा दुखतोय. सिस्टर गुडघा लिहायची. न लिहिलेली कडी जाणार कुठे? खोलीतच राहायची.

त्या दिवशी सिस्टरचा जीव टांगणीला लागला होता तो शिंपीआजोबांपायी. मागच्या खेपेला मनगट सुजवून आले होते. कसं सुजलं ते त्यांनी धडधडीत सांगितलं, आणि मुलाने त्याचं "जिन्यात पडले" करून टाकलं. आता मनगट बरं झालं होतं. आज तसं लिहिलं, की पुन्हा आणायचं कारण संपलं. मग ते पुन्हा घरातल्या बंद खोलीत.

सिस्टरने या आवाजांबद्दल अर्जांवर अर्ज केले होते, आणि खात्याची समिती नेमकी त्याच दिवशी आली. अध्यक्षबाई आणि दोन साहेब. त्यांनी बेसिनला कान लावले. एक साहेब म्हणाले, पाइपात हवा अडकलीय. मी म्हटलं, साहेब, हवा मघाशीच काढली, हे जे उरलंय ते वेगळं आहे.

बाईंचा चेहरा उतरला. हे काय म्हणतंय, असं त्यांनी सिस्टरला विचारलं. दुसरे साहेब नियमाचे पक्के. सिस्टरला सांगता येणार नाही, घरचंच माणूस पाहिजे, म्हणाले. बाहेर बाकावर शिंपीआजोबा आणि त्यांचा मुलगा तेवढे बसले होते. मुलाला आत बोलावलं.

बेसिन थोडं खाकरलं. मग आजोबांचा आवाज आला. "मला सामानाच्या खोलीत कोंडून कामावर जातो."

मुलाचा रंग उडाला, पण जीभ सवयीची होती. म्हणाला, "ते म्हणतायत, खोली चांगली आहे."

"हात पिरगाळून आत ढकलतो."

"म्हणतायत, मुलगा हाताला धरून नेतो."

मला हसू यायला हवं होतं, पण अंगावर काटा आला. खुद्द आजोबा बाहेर बाकावर बसून टोपीची शिवण चाचपत होते, ते मला उघड्या दारातून दिसत होते. त्यांचे ओठ मिटलेले होते.

"पण त्याला काही करू नका," बेसिन म्हणालं. "या देशातून घालवतील त्याला. लहानपणी अंधारात एकटा झोपायचा नाही हो तो."

आता काय म्हणालं, असं बाईंनी मुलाला विचारलं. त्याचे ओठ नुसते हलले.

तेव्हा सिस्टर उठली आणि सगळी वाक्यं इथल्या भाषेत जशीच्या तशी सांगून टाकली. नियमवाले साहेब काही म्हणणार होते, पण बाईंनी हाताने थांबवलं. नियम बदलायला पुढे वर्ष गेलं, सरकारी काम ते. त्या दिवसापुरतं मात्र बाईंनी स्वतःच्या जबाबदारीवर सांगितलं: आजोबांना एकट्यांना आत बसवा, त्यांच्याच भाषेत विचारा, आणि सांगतील ते लिहा.

आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं. मी त्या मुलाशेजारी बाकावर बसलो. आत काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही, आणि तिथे मी तिखटमीठ लावणार नाही.

बऱ्याच वेळाने सिस्टर बाहेर आली. भर दवाखान्यात, आपल्या भाषेत म्हणाली, "बाबा आज घरी येणार नाहीत. निरोप दिलाय त्यांनी. म्हणाले, बाळ्याला म्हणावं, जेवून घे."

तो स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. त्याला ऐकू आलं नसेल असं वाटून तिने पुन्हा एकदा सांगितलं.