ऱ्हावत न्हाय

राजारामपुरीतल्या अतुलच्या नेट कॅफेत शालन दर रविवारी दुपारी येऊन बसायची. बालवाडीची बाई ती, कीबोर्डवर अक्षरं हुडकायला तिला कुणाची मदत लागत नव्हती. लेक दीप्ती मस्कतला नर्स. फोनवर शालनला रडूच फुटायचं, म्हणून मायलेकी अतुलनं केलेल्या 'कट्टा' नावाच्या प्रोग्रामवर मराठीत लिहून गप्पा मारायच्या. दीप्तीचा करार संपत आलेला. ती परत यावी म्हणून शालनचा जीव तुटत होता, पण 'ये' म्हणायची नाही. पोरीच्या पायात बेडी कशाला घालायची?

आता कट्ट्याची तऱ्हा ऐका. सुरुवातीला कुणा एकाच्या लिहिण्याला सर्व्हर अडखळला, की झाडून सगळेच बाहेर फेकले जायचे. सुक्याबरोबर ओलंही जळायचं. लोकांनी अतुलला फैलावर घेतलं. मग पठ्ठ्यानं तोड काढली, की चूक झाली तर प्रोग्रामनं ती गुपचूप गिळायची आणि पुढं चालायचं. कट्टा पडायचा थांबला, अतुल कॉलर ताठ करून फिरायला लागला. चुकीबरोबर माणसाचं वाक्यही गिळलं जातंय, हे त्या शहाण्याच्या ध्यानातच आलं नाही.

शालनचं बोलणं ठरलेलं. जयभीम, जेवलीस का, ड्यूटी कशी हाय. आणि शेवटी जीव गोळा करून, 'तुझ्याबिगर ऱ्हावत न्हाय गं.' तिच्या पडद्यावर ते नीट उमटायचं. त्यावर दीप्तीचं दर वेळी तेच, 'बाकी काय?' शालनच्या काळजात चर्र व्हायचं. पोरगी परकी झाली म्हणून ती वाटेत रडायची, आणि पुढच्या रविवारी परत तेच लिहायची. आईच ती, तिला कसला आलाय मानापमान!

निरोप पोचत नाहीत अशी कुणीतरी तक्रार केली, तसा अतुलनं प्रोग्राम बदलला. त्या रविवारी शालनच्या त्या शेवटच्या वाक्याखाली तांबडी ओळ आली: 'पावणं, हे पुढं गेलं न्हाय. वेगळ्या शब्दांत लिहा.' तिनं अतुलला बोलावलं. तो खुशीत सांगायला लागला, की आता ज्याचं अडतं त्यालाच कळतं, बाकीच्यांना धक्का लागत नाही. मग त्यानं वाक्य वाचलं आणि त्याचं तोंड उतरलं. 'ऱ्हावत'च्या सुरुवातीच्या त्या वाकड्या 'र'ला सर्व्हर अडत होता. प्रोग्राम तपासताना त्यानं 'राहवत' असले पुस्तकातले शब्दच लिहिलेले. स्वतःची आई घरात कशी बोलते, ते त्याला आठवलंच नव्हतं.

"म्हंजे आजवर एकदाबी पोचलं न्हाय?" शालननं विचारलं.

"न्हाय, मावशी. चुकलं माझं."

राग यायच्या आधी तिला हलकं वाटलं. पोरगी परकी नव्हती तर! तिनं घाईघाईनं लिहिलं, 'तुझ्यावाचून राहवत नाही.' वाक्य गेलं.

मग दीप्तीचं आलं, 'आई, हे तूच लिहिलंस न्हवं? आधी का न्हाय बोललीस गं? मला वाटलं, माझ्याबिगर तुझं बरं चाललंय. परवाच सही केली मी. आणखी दोन वर्षं.'

शालननं पदरानं डोळे पुसले. शेजारी उभ्या अतुलकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. नेहमीसारखं लिहिलं, 'असू दे. जेवलीस का?'

ते लगेच पोचलं.