कुलपातला फवारा

डेन्झिलच्या पाठदुखीच्या गोळ्या वाढवताना डॉक्टरीणबाईंनी नाकात मारायचा फवाराही लिहून दिला. "राज्याचा कायदाच झालाय आता. अफूच्या जातीच्या एवढ्या गोळ्या द्यायच्या तर हाही सुचवावा लागतो. गोळ्यांनी श्वास बंद पडायला लागला, तर यानं परत येतो."

"मी काय नशेडी वाटलो?" डेन्झिल भडकला. "कोळशाच्या खाणीत माझी पाठ गेलीय बाई, डोकं नाही!"

मीच तो घ्यायला लावला. घरी आल्यावर नवरोबांनी तो गोळ्यांबरोबर आकड्यांच्या कुलपाच्या लोखंडी पेटीत टाकला. ही पेटी लॉनीमुळे आली. आमचा एकुलता एक लॉनी बापाच्या गोळ्या चोरून खायचा. वर्ष झालं, त्यानं सगळं सोडलंय, खाली ओढ्याकाठी चाकांवरच्या ट्रेलर-घरात राहतो. पण बापाच्या लेखी तो चोरच, घरात पाऊल टाकायची बंदी. कुलपाचा आकडा मलाही सांगितला नाही. का, तर मी त्याची आई!

त्या दुपारी घेवडा शिजत लावून मी बाहेरच्या खोलीत आले, तर डेन्झिल खुर्चीत मान टाकून पडलेला. ओठ निळे, घशात घरघर. शेजारी खोकल्याच्या गुंगीच्या औषधाची बाटली रिकामी. पाठ धरली म्हणून गोळ्याही जास्त घेतल्या असणार, हट्टी कुठला!

अँब्युलन्सला फोन केला. डोंगरापलीकडून यायला वेळ लागेल म्हणाले. मी पेटी ओढली. लग्नाची तारीख, त्याचा वाढदिवस, खाणीतला हजेरीचा नंबर, काही लागेना. हातोडा घातला, नुसता पोचा पडला. "आकडा बोल रे, बोल!" म्हणत मी त्याला गदागदा हलवत होते. इतकी लाचार मी जन्मात झाले नव्हते. शेवटी ओसरीवर जाऊन किंचाळले, "लॉनी!"

तो अनवाणी पळत आला आणि दारात सवयीनं थबकला.

"अरे ये ना आत! बाप चाललाय तुझा!"

खणातला स्क्रू ड्रायव्हर काढून त्यानं तो पेटीच्या बिजागरीत घातला आणि पिरगाळला. झाकण मागच्या बाजूनं वर आलं.

"हात विसरले नाहीत बघ," तो म्हणाला. हसला मात्र नाही.

बापाला जमिनीवर आडवं करून त्यानं नाकात फवारा मारला, तोंडाला तोंड लावून श्वास भरला. काही होईना. फवाऱ्याच्या खोक्यात दोन होते, दुसराही मारला.

"बाबा, ऊठ. शिव्या घाल मला. घाल ना, बाबा!"

डेन्झिलनं एकदम हवा ओढली. खोकला, डोळे उघडले. मी रडत त्याचं तोंड पुसत होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. उघड्या पेटीकडे पाहिलं, मग लॉनीकडे.

"उघडलीस ना," तो खरखरला. "चोरा."

लॉनी उठला. मी तोंड उघडायच्या आत त्यानं पँटचे दोन्ही खिसे उलटे करून बाहेर काढले. ते तसेच लोंबते ठेवून, अँब्युलन्स येईपर्यंत तो भिंतीला टेकून बापाची छाती हलतेय का बघत राहिला.