यारीखालची जागा

मी यारी बोलतेय. क्रेन म्हणा हवं तर. लोखंड ओतायच्या कारखान्याच्या, म्हणजे ओतशाळेच्या छपराखाली दोन रुळांवर आडवी बसलेली, एका दमात वीस टन उचलणारी. आता मी काडीही उचलत नाही. पण माझ्याखाली जे घडलं ते सांगायचं राहिलंय.

माझ्या केबिनमध्ये तेवीस वर्षं एकच माणूस बसला. सगळे त्याला 'वरचे साहेब' म्हणायचे, कारण खरे साहेब खाली असायचे. खाली ओझ्याला साखळ्या बांधायला त्याचा जिवलग मित्र. गोंगाटात दोघांचं बोलणं हातांच्या खुणांनी चाले. बोट वर केलं की उचल, मूठ आवळली की थांब. आदल्या दिवशी भांडण झालेलं असलं की खुणासुद्धा फणकाऱ्याने व्हायच्या.

एका सकाळी साखळीची कडी तुटली. लोखंडी साचा खाली आला आणि मित्र त्याखाली सापडून जागीच गेला. कडी झिजलेली होती, असं चौकशीत ठरलं. वरच्या साहेबांना कुणी बोल लावला नाही. तरी त्यानंतर ते मित्राच्या घराची पायरी चढले नाहीत.

पुढे कारखाना बंद पडला. मला गंज चढला, कबुतरांनी माझ्यावर संसार थाटले. शेजारच्या गिरणीच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. मग माझ्याही छपराचे पत्रे निघाले आणि भरपूर उजेड आत आला. इथे वाचनालय होणार होतं.

"हिला भंगारात काढू," ठेकेदार म्हणाला.

"आधी जुन्या माणसांना विचारू," वास्तुविशारद बाई म्हणाल्या.

वरचे साहेब काठी टेकत आले. मित्राची बायकोही आली. तिने आजवर फाटकाच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. बातमीही तिला फाटकावरच दिली होती.

"भाऊजी, कुठे पडले होते हे?"

त्यांनी काठीने जागा दाखवली. मग सगळ्यांदेखत म्हणाले, "वहिनी, उचलताना एक धक्का बसला होता. मला कळलं होतं. धोक्याची घंटा वाजवून थांबायचं, तर वाटलं, एवढी खेप होऊन जाऊ दे."

खरं होतं. त्यांचा हात घंटेकडे गेला होता आणि परत आला होता. ते फक्त मी पाहिलं होतं.

"हे सांगायला सव्वीस वर्षं लागली?" ती म्हणाली. " पोरं विचारायची, काका का येत नाहीत. मी त्यांना काय सांगायचं?"



"नकाशात इथे टेबल आहे," वास्तुविशारद बाई हळूच म्हणाल्या. "हवं तर ही जागा मोकळी सोडू."

"नको," मित्राची बायको म्हणाली. "मोकळी सोडलीत तर लोक वळसा घालून जातील. माणसं बसू देत तिथे. आणि हिला काढू नका. हिचा काय दोष?"

आता माझा गंज खरवडलाय, अंगावर करडा रंग आहे, मोटर काढून नेलीय. खाली लांब टेबल आहे. कधीमधी मित्राची बायको येते, वरचे साहेबही येतात. दोन टोकांना बसतात, बोलत नाहीत. तिने माफ केलं का, मला माहीत नाही. पण परवा तिने पेपराची आतली पानं काढली आणि न बघता त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी ती कितीतरी वेळ उलटलीच नाहीत.

तुम्ही आलात तर त्या टेबलाशी बसा. वर बघितलं नाहीत तरी चालेल. तिथली खुर्ची रिकामी दिसली की मला चैन पडत नाही.