अठ्ठाविसावी रेघ

कॉलेजच्या नाट्यमंडळात निवड झाल्याचा आनंद मला बरोबर एक संध्याकाळ टिकला. दुसऱ्या दिवशी कॅप्टनने विंगेतल्या भिंतीवर खडूने एक रेघ ओढली आणि मला नियम सांगितला. (आमच्या दिग्दर्शकाला सगळे कॅप्टन म्हणत आणि त्याला ते फार आवडायचं.) नवीन माणसाने तीस दिवस बोलायचं नाही. मंडळातलं कोणी त्याच्याशी बोलणार नाही. तोंडातून एक शब्द निघाला, की रेघा पुसून पुन्हा एकपासून.

"आम्ही सगळ्यांनी केलंय," तो म्हणाला. "तीस दिवस झाले की तू आमची."

मला वाटलं, त्यात काय मोठंसं! आई तर लहानपणापासून म्हणायची, हिच्या तोंडाला कुलूप लावा कोणीतरी.

पण हॉस्टेलवरची माझी रूममेटही मंडळातलीच. ती समोर बसून केस विंचरायची, स्वतःशीच गुणगुणायची आणि मी खोलीत नाहीच असं समजून दिवा घालवायची. आईचा फोन आला, की ती कान टवकारायची. मग मी फोन कट करून ‘तालीम चालू आहे’ असं लिहून पाठवायचे. एकोणिसाव्या दिवशी जिन्यात कोणाला तरी धक्का लागला, तोंडातून ‘सॉरी’ निघून गेलं आणि एकोणीस दिवस पाण्यात. सगळे खो खो हसले. मीही हसले, आवाज न करता. नंतर उशीत तोंड खुपसून रडले, तेही आवाज न करताच.

नेपथ्य उभारणारे सुतारकाका मंडळाचे नव्हते, त्यामुळे त्यांना नियम लागू नव्हता. साठी उलटलेली, ओठांत दोन खिळे धरून बोलायची सवय. मी उत्तर देत नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी माझं बोलणंही स्वतःच्या अंगावर घेतलं.

"जेवलीस का पोरी?" ते विचारायचे आणि लगेच बारीक आवाज काढायचे, "हो काका, पोटभर!" मग पुन्हा आपल्या आवाजात, "खोटारडी कुठली. तोंड बघ कसं सुकलंय." आणि डबा माझ्याकडे सरकवायचे.

खरं सांगते, त्या दिवसांत मी तालमीला जायचे ती त्या बारीक आवाजासाठी.

दुसऱ्या खेपेची अठ्ठाविसावी रेघ ओढली त्या दुपारी काका रंगमंचावर गुडघे टेकून दाराची बिजागरी बसवत होते. त्यांच्या पाठीमागे नाटकातली मोठी भिंत उभी होती, लाकडी चौकटीवर प्लाय ठोकलेली. ती पडू नये म्हणून तिच्या टेकूवर ठेवलेली वाळूची पिशवी रूममेटने मघाशीच बसायला म्हणून ओढून नेली होती. मी विंगेत उभी होते. भिंतीचा वरचा कोपरा हलला. मग पुन्हा हलला, आणि तसाच पुढे येत राहिला.

माझ्या मनात आलं, दोनच दिवस राहिलेत.

मी टाळी वाजवली. जोरात, दोनदा. आमच्याकडे टाळीचा अर्थ एकच, प्रवेश पहिल्यापासून घ्या. दिवसातून पन्नास टाळ्या ऐकणाऱ्या काकांनी मान वर केली नाही.

त्यांचं उजवं मनगट चौकटीखाली सापडलं.

"अगं, ओरडता येत नव्हतं का तुला?" कॅप्टन माझ्यावरच खेकसला. "गंमत कुठे थांबवायची एवढीही अक्कल नाही?" संध्याकाळी त्याने सगळ्या रेघा ओल्या फडक्याने पुसल्या. मौनाचं कॉलेजात कोणी बोलायचं नाही, असं बजावलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू आता आमची." सगळे माझ्याशी बोलायला लागले. रूममेटने तर चहासुद्धा करून दिला. मला त्यांच्यातल्या एकाशीही बोलावंसं वाटेना.

तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. काकांचा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये होता. बोटं पूर्वीसारखी वळतील असं डॉक्टरने सांगितलं नव्हतं. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"आलीस का पोरी?" आणि बारीक आवाजात, "आले काका. दुखतंय का हो?" मग स्वतःच, "छे, त्यात काय! तू मनाला लावून घेऊ नकोस. तुला तरी काय माहीत, मागे भिंत पडतेय म्हणून."

पुढचा बारीक आवाज ते काढणार, एवढ्यात मी म्हणाले, "काका."

ते चमकले. माझा खरा आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकला.

"मला दिसलं होतं, काका. हाक मारण्याइतका वेळ होता. मी दिवस मोजले."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी चिडावं, हाकलून द्यावं, काहीही बोलावं. त्यांनी डाव्या हाताने चादर छातीपर्यंत ओढली आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

भेटीची वेळ संपेपर्यंत मी स्टुलावर बसून होते. काका एक शब्दही बोलले नाहीत, ना त्यांच्या आवाजात, ना माझ्या.