फटीवरची काच

तिला सगळे भिंगरी म्हणायचे, आणि उगाच नाही म्हणायचे. फोटो काढतानासुद्धा ती एका जागी उभी राहील तर शपथ! कॅमेरा तिपाईवर आणि ही तिपाईभोवती. आता उजवीकडून बघ, आता आडवी हो, आता त्या दगडावर चढ, घसर, परत चढ.

"अगं, एवढी शतकं देऊळ इथेच उभं आहे," मावशी म्हणायची, "ते काय तुला बघून पळून जाणार आहे? टेक जरा!"

मावशी म्हणजे तिची सख्खी मावशी, आणि कामातली जोडीदारही. प्रवासाच्या मासिकात लेख मावशीचे, फोटो भिंगरीचे. हे काम तिला मावशीनेच मिळवून दिलं होतं, आणि जंगलातल्या या पडक्या देवळात आत जायचा परवानाही मावशीच्याच नावावर होता. त्यात या वेळी संपादक म्हणाले होते, मनासारखा फोटो मिळाला तर मुखपृष्ठावर घेऊ. मुखपृष्ठावर! भिंगरीचे फोटो आजवर आतल्या पानांच्या कोपऱ्यातच अंग चोरून बसलेले. रात्रभर तिला झोप नाही, सकाळी चहा अर्धा टाकून ही निघाली, मावशी मागून धापा टाकत.

फोटो कशाचा, तर आतल्या दाराचा. दाराच्या माथ्यावर दगडात कोरलेला एक मोठा चेहरा, डोळे मिटलेले. त्याच्या वर अवाढव्य झाड, आणि झाडाची मुळं दोन्ही बाजूंनी खाली उतरून दाराला अशी कवटाळून बसलेली, की झाडाने दार धरलंय की दाराने झाड, कळू नये. सकाळी फांद्यांतून उन्हाची एक तिरीप बरोबर त्या चेहऱ्यावर पडायची आणि बघता बघता सरकून जायची. तेवढाच वेळ मिळायचा. म्हणून भिंगरीने कॅमेऱ्याला लावूनच दिलं होतं, बाबा, तुझं तू थोड्या थोड्या वेळाने काढत राहा. आणि स्वतः जाऊन फ्रेम साफ करायला लागली.

फ्रेम साफ करायची म्हणजे काय, तर बिस्किटाचा कागद उचल, वाळकी काटकी काढ, प्लॅस्टिकची बाटली दूर सार. सगळे फोटोवाले करतात. तर हिने कागद उचलला, काटकी काढली, आणि वर बघते तो काय! चेहऱ्याच्या हनुवटीखाली, दगडाला पडलेल्या फटीवर, एक काचेची पट्टी चिकटवलेली. दोन्ही टोकांना पांढऱ्या प्लॅस्टरचे गोळे, आणि ऊन पडलं की लख्खकन चमकतेय. सुंदर चेहऱ्याला जखमेची पट्टी लावावी तशी.

"शी!" भिंगरी म्हणाली.

तिरीप कपाळावर आली होती. मागे वळून बघितलं, मावशी पायरीवर बसून बुटातला खडा काढत होती. भिंगरीने खिशातला चाकू काढला. विचार असा की एका बाजूचं प्लॅस्टर हळूच उचकटू, फोटो झाला की परत चिकटवू, कोणाला काय कळतंय! दगडावर चढली, जीभ बाहेर काढून चाकूचं टोक आत घातलं, जरासं दाबलं.

टच्.

काच मधोमध मोडली. अर्धी या गोळ्यात, अर्धी त्या गोळ्यात.

आता तिरीप नाकावर! करणार काय? बाजूची एक वेल ओढून तिने काचेवर टाकली, उडी मारून बाजूला झाली, आणि कॅमेरा आपला खटक, खटक काढत राहिला. ऊन चेहऱ्यावरून ओघळत गेलं आणि गेलंच.

फोटो बघितले तर अंगावर काटा आला. हेच! हेच मुखपृष्ठ! मधेच चाकू घेऊन दगडावर चढलेली ती स्वतः पण होती, पाठमोरी, मग बाजूने, जीभ बाहेर. ते नको ते फोटो पुसायला तिने बटणावर बोट ठेवलं, एक पुसलाही. तेवढ्यात शिट्टी वाजली.

शिट्टी देवळाच्या दुरुस्तीवरच्या इंजिनिअरबाईंची. दिसेल ती जागा बंद करतात म्हणून मावशीने त्यांचं नाव कुलूपबाई ठेवलं होतं. रोजच्या फेरीला आल्या होत्या, वेल बाजूला केली आणि तिथेच थबकल्या.

"सगळे बाहेर! दारापासून लांब!" त्यांनी मागच्या अंगणातल्या कामगारांना हाका मारल्या. मग फोन लावला. "हो, काच तुटली. मुळं ढकलतायत. नाही, आता थांबायचं नाही. करवतवाल्यांना बोलवा, आजच कापू."

"काय कापू?" भिंगरीने विचारलं.

"झाड," कुलूपबाई म्हणाल्या. "काच कशाला लावतो आम्ही? भिंत केसभर सरकली तरी ती तुटते. काच तुटली तर झाड काढायचं, हे ठरलेलंच आहे. नाहीतर पूर्ण दार खाली येईल."

भिंगरी पायरीपाशी गेली, परत आली, परत गेली. आणि मावशी, जिला कशाचा पत्ता नाही, ती तिच्या कानाशी येऊन म्हणते, "अगं, नशीब काढलंस! या दाराचा झाडासकटचा शेवटचा फोटो तुझा! मुखपृष्ठ सोड, जगभर जाईल हा!"

खरंच होतं ते. भिंगरीच्या मनात ते मावशीच्या आधीच येऊन गेलं होतं, आणि त्याचीच तिला भीती वाटत होती. तोंड बंद ठेवायचं, बस. इतकं सोपं!

बाहेर गाडीचं इंजिन घरघरलं. दोन माणसं करवत घेऊन, दोर खांद्यावर टाकून आली. एकाने वर बघून मुळावर हाताने थोपटलं.

"मी तोडली!" भिंगरी ओरडली. "काच मी तोडली! भिंत नाही हलली!"

कुलूपबाईंनी मानसुद्धा वळवली नाही. "बाई, झाड वाचवायला रोज कोणीतरी येतं. परवा एक जण मिठी मारून बसला होता. तो निदान खोटं तरी बोलला नाही."

"अहो, खोटं नाही! फ्रेममध्ये येत होती म्हणून!"

"कशात?"

"फ्रेममध्ये!" आणि तिने कॅमेराच त्यांच्या नाकासमोर धरला. हे बघा, काच अख्खी. हे बघा, मी चढले. हा चाकू. ही मोडकी काच. ही वेल. कुलूपबाई एक एक फोटो पुढे नेत गेल्या, परत मागे आल्या, जीभ बाहेर काढलेल्या फोटोवर थांबल्या. मावशी मागून डोकावत होती. तिच्या तोंडून "अगं बाई" आलं, आणि तिने पर्स छातीशी घट्ट धरली.

कुलूपबाईंनी करवतवाल्यांना हाताने थांबवलं. "नवीन काच लावू. ती आपोआप तुटली तर झाड जाईल, तेव्हा मला कोणाचे फोटो दाखवू नका." मग हात पुढे केला. "परवाना. आणि कॅमेऱ्यातलं ते कार्डही. फट कशी होती ते त्यात आहे, आम्हाला लागेल."

"कार्ड नको ना," भिंगरी म्हणाली. "एकच फोटो उतरवून घेऊ द्या."

"फ्रेम छान आलीय," कुलूपबाई म्हणाल्या, आणि हात तसाच ठेवला.

मावशीने पर्समधून परवाना काढून दिला. भिंगरीने कार्ड दिलं.

"परवान्यावर नाव माझं होतं," मावशी एवढंच म्हणाली.

"मावशी, ऐक ना, मी त्यांना सांगते, तुझा काही..."

"सांगून झालंय तुझं भरपूर."

भिंगरी तिपाई गुंडाळायला लागली. पण कुलूपबाई प्लॅस्टर कालवत म्हणाल्या, "तुम्ही कुठे निघालात? माझी माणसं दुसऱ्या कामाला पाठवलीत मी. तोडलीत ना, मग धरा." आणि नवी काच तिच्या हातात दिली. "दोन बोटांनी, दोन्ही टोकं. वाळेपर्यंत हलायचं नाही. हललात तर फटीचा हिशेब चुकेल आणि परत पहिल्यापासून."

भिंगरीने दगडावर चढून काच फटीवर धरली, कुलूपबाई टोकांना प्लॅस्टर थापून खाली उतरल्या, आणि ही तशीच उभी राहिली. खांदा भरून आला, पोटरीत पेटका येतोय असं वाटलं, पाय बदलावासा वाटला, नाही बदलला. डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर ते मूळ, सालीवर बारीक बारीक खवले, त्यांतून मुंग्यांची रांग वर चाललेली. एक मुंगी रांग सोडून तिच्या मनगटावर आली.

"मावशी," ती ओठ न हलवता म्हणाली, "मुंगी."

मुंगी कोपराकडे निघाली.

"मावशी, प्लीज गं."

दगडावर बूट घासल्याचा आवाज आला. मावशी धापा टाकत वर चढली, मुंगीवर फुंकर मारली, आणि भिंगरीच्या कोपराखाली आपला तळवा टेकू म्हणून लावला.

"बोलत नाहीये मी तुझ्याशी," मावशी म्हणाली. "हलू नकोस."

खालून कुलूपबाईंनी हात उंचावून प्लॅस्टरला नख लावून बघितलं. अजून ओलंच होतं.